अर्ज ते बंदोबस्त: पोलीस शिपाई होण्याचे माझे वीस महिने

परवा गावातली दोन पोरं घरी आली. एकाच्या हातात कागदांची पिशवी, दुसऱ्याच्या नडगीला क्रेप बँडेज. "दादा, भरतीला नेमकं काय काय लागतंय?" सांगायला बसलो तर रात्रीचे अकरा वाजले आणि तरी मी मेडिकलपर्यंतच पोचलो होतो. म्हणून आता लिहूनच काढतोय. मी कोल्हापूर जिल्हा पोलीस दलात शिपाई आहे, अजून नवखाच. निवड यादीत माझं नाव वरून शोधण्यापेक्षा खालून शोधलं तर लवकर सापडतं, त्यामुळं हे टॉपरचे बोल नव्हेत. आणि हे सगळं 2022-23 च्या भरतीचं आहे. तुमच्या वेळची जाहिरात आली की नियम त्यातच वाचा.

मी वडणग्याचा. वडील, म्हणजे आबा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डर. बारावीनंतर मीही तिथंच सेकंड शिफ्टला लागलो होतो. आधीच्या भरतीत लेखी पहिल्यांदा होती, 2021 ला ती दिली आणि थोडक्यात गेलो. पुढच्या वेळी नियम फिरला: आधी मैदान, म्हणजे पळणं आणि गोळाफेक, मग लेखी. मैदान 50 गुणांचं, त्यात निम्मे तरी पडायला हवेत, आणि एका जागेला दहा जण एवढेच लेखीला बोलावणार. पाठांतरात मी बरा, पळण्यात कच्चा. म्हणजे माझ्या दृष्टीनं फासा उलटाच पडला होता.

नोव्हेंबर 2022 ला अर्ज सुरू झाले. दिवसा साइट उघडायची नाही, म्हणून शिफ्ट सुटल्यावर रात्री दीड वाजता मोबाईलवर फॉर्म भरला. ओबीसीतून फी 350 रुपये, खुल्याला 450. मुदत 30 नोव्हेंबरची होती, ती 15 डिसेंबरपर्यंत वाढली. वाढणार म्हणून थांबू नका, आमच्या ग्रुपमधला एक जण थांबला आणि शेवटच्या रात्री पेमेंट अडकून बसला. एका पदासाठी एकाच जिल्ह्यात अर्ज करता येत होता. कोल्हापुरात जागा मोजक्या, भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीतले सगळे म्हणाले मुंबई टाक. मी कोल्हापूरच टाकलं. हिशेब काही नव्हता. आबांचं गुडघ्याचं ऑपरेशन लांबलेलं होतं, एवढंच.

नाव भरताना दहावीच्या सर्टिफिकेटवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर भरा. आधारवर माझ्या नावात एक 'ए' जास्त होता. तो काढायला पन्नास रुपये आणि नऊ दिवस गेले. निवड झाल्यावर हेच कळलं असतं तर नऊ दिवसही नसते. नॉन-क्रिमिलेअरचा दाखला सेतूत टाकला, पावती 33 रुपये 60 पैशांची. वरचे 40 पैसे आजपर्यंत कुणाला परत मिळालेले मी पाहिले नाहीत.

आता गोळा. पुरुषांना गोळा 7.26 किलोचा, मुलींना 4 किलोचा. साडेआठ मीटर टाकला तर पुरे 15 गुण. अकॅडमीत गोळे दोन आणि पोरं साठ, हातात येईपर्यंत उजाडायचं. मी घरी कुरकुरलो. चार दिवसांनी आबा डब्याच्या पिशवीतून काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं घेऊन आले आणि ओट्यावर ठेवलं तसा ओटा दणकला. मालकाला विचारून, उरलेल्या धातूत, स्वतःच साचा करून ओतलेला गोळा. फेटलिंग, म्हणजे ओतल्यावरची घासणी, नीट झालेली नव्हती, साच्याचे दोन भाग जुळतात तिथं बारीक धार राहिली होती आणि रायझर, म्हणजे वर उरलेला जादा धातू, कापलेल्या जागी खडबडीत डाग. किराणा दुकानातल्या काट्यावर घातला तर 7 किलो 600 ग्रॅम.

"जड झालाय," मी म्हणालो.

"असू दे की. ह्यो जमला की त्यो जमतोयच."

त्या धारेनं तळहाताची सालं गेली, पण दोन महिने मी तोच टाकला. पहाटे पळायला केर्लीच्या पुढं जोतिबाच्या चढावर जायचो. इथं एक चूक केली ती सांगतो. फक्त चढ पळत होतो. चढानं दम वाढतो, पण 1600 मीटरमध्ये सपाटीवर वेग लागतो. डिसेंबरच्या मध्यात पहिल्यांदा घड्याळ लावून चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या मारल्या तर 6 मिनिटं 2 सेकंद. पाच मिनिटं दहा सेकंदांत पुरे 20 गुण, आणि पुढं वीस-वीस सेकंदांना दोन-दोन गुण खाली. म्हणजे माझे 14. नडगीही दुखायला लागली होती. आठ दिवस पळणं बंद ठेवलं, मग आठवड्यातून दोनदा फक्त चारशे-चारशेच्या फेऱ्या. नडगी दुखत असताना पळू नका. बँडेज बांधून पळणाऱ्या त्या पोराला हेच सांगितलं, ऐकेल असं वाटत नाही.

मैदान जानेवारी 2023 ला, कसबा बावड्यातल्या पोलीस मुख्यालयाच्या ग्राउंडवर. रिपोर्टिंग पहाटे पाचला. थंडी इतकी, की नंबर लावलेलं बनियन घालून उभी असलेली पोरं एकमेकांच्या अंगाला अंग लावून उभी. कागद, बोटांचे ठसे, मग उंची आणि छाती. उंची 165 सेंटिमीटर हवी, छाती न फुगवता 79 आणि फुगवून 5 जास्त. माझी उंची 166 च्या आसपास. दिवसभर उभं राहून काम केलं की संध्याकाळी माणूस थोडा कमी भरतो, म्हणून आदल्या दोन दिवशी मी शिफ्टला गेलोच नाही, नुसता झोपून होतो. हे ऐकून लोक हसतात. पट्टीखाली उभं राहिल्यावर कुणी हसत नाही.

पायाला चिप बांधून पळवतात, त्यामुळं वेळेवरून वाद नाही. पहिल्या फेरीत सगळे सुसाट सुटतात, त्यांच्या मागं लागू नका. तिसऱ्या फेरीला मी अकरा जणांना मागं टाकलं, माझा वेग वाढला नव्हता, त्यांचाच संपला होता. 5 मिनिटं 24 सेकंद, 18 गुण. शंभर मीटरला 12.4 सेकंद, 12 गुण. गोळ्याची मात्र गंमत झाली. तिथला गोळा इतका गुळगुळीत, की खरखरीत लोखंडाची सवय झालेल्या हातातून पहिला निसटलाच. दुसऱ्याला हाताला माती चोळली, 8 मीटर 10. म्हणजे 12. एकूण 42. संध्याकाळी घरी आल्यावर आबांनी आधी गोळ्याचंच विचारलं. सांगितलं. "पॉलिश करायला पायजे होता," एवढंच म्हणाले आणि टीव्ही लावला.

लेखी 2 एप्रिलला, रविवारी. शंभर प्रश्न, दीड तास: अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडू नका. व्याकरणानं मला तारलं, नळ-टाकीच्या गणितांनी बुडवलं. 88 पडले. मे महिन्यात तात्पुरत्या यादीत नाव आलं. आईनं अंबाबाईला ओटी भरली. मला वाटलं झालं.

झालं काही नव्हतं. इथून पुढचे चार महिने धावण्यापेक्षा वाईट गेले.

यादीनंतर साक्षांकन नमुना, म्हणजे पडताळणीचा फॉर्म, भरून द्यावा लागतो. त्यात कुठं राहिलात, कुठं शिकलात, आणि एक रकाना: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का. माझ्यावर झाला होता. एप्रिल 2020, लॉकडाऊन. मी आणि मावसभाऊ मोटारसायकलवरून शहरात शिरताना सापडलो. आबांच्या गोळ्या आणायला निघालो होतो असं मी बरीच वर्षं सांगितलं. खरं म्हणजे मटण कुठं मिळतंय ते बघायला निघालो होतो. गाडी जमा, आणि भारतीय दंड संहितेचं कलम 188: सरकारी अधिकाऱ्यानं काढलेला आदेश मोडणे. पुढं 2022 ला सरकारनं लॉकडाऊनमधले 188 चे गुन्हे मागं घ्यायचं ठरवलं, आणि तो विषय मी डोक्यातून काढून टाकला.

अकॅडमीतला एक जण म्हणाला, "नाही लिही. काढून टाकलेला गुन्हा कोण बघतंय?" मी दोन रात्री तो रकाना रिकामा ठेवून बसलो. शेवटी गावच्या एका वकिलांकडं गेलो. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा अवतार सिंग खटल्याचा निकाल सांगितला. त्यातला आपल्या कामाचा भाग असा: पडताळणीच्या फॉर्ममध्ये लिहायचं ते खरं लिहा, सुटला असाल तरी लिहा, किरकोळ गुन्हा खरेपणानं सांगितला असेल तर खातं त्याचा विचार करू शकतं, लपवला तर लपवणं हेच नोकरी जायला कारण होऊ शकतं. मी 'होय' लिहिलं आणि खाली सगळी हकिगत लिहिली. मटणासकट नव्हे, पण तारखेसकट.

मग खटला मागं घेतल्याच्या आदेशाची खरी नक्कल लागणार. कसबा बावडा रोडवरच्या न्यायसंकुलात नक्कल अर्ज टाकला. खर्च शंभराच्या आत, वेळ 19 दिवस. केस नंबर माझ्याकडं नव्हता, फक्त गाडी जमा केल्याची पावती होती, तीही आईनं डाळीच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवलेली म्हणून वाचली. तुमच्यावर असं काही असेल तर आजच केस नंबर शोधून ठेवा, यादी लागायची वाट बघू नका.

दुसरं, जात वैधता. जात प्रमाणपत्र वेगळं आणि ते समितीनं तपासून खरं ठरवल्याची वैधता वेगळी, हे अजून बऱ्याच पोरांना माहीत नसतं. आमची जात कुंभार, ओबीसी. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुतेकांना आजोबांच्या शाळेपर्यंत जावं लागतं. माझे आजोबा शिकले नदीकाठच्या एका शाळेत. तिथलं जुनं जनरल रजिस्टर 2019 च्या महापुरात भिजलं होतं. हेडमास्तर म्हणाले, "आहे, पण उघडत नाही." खरंच उघडत नव्हतं, पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. चांगला माणूस. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं बसलो, ते स्टीलच्या पट्टीनं एकेक पान सोडवत होते आणि मी मोबाईलचा उजेड धरला होता. दोन तासांनी 1951 सालचं पान आलं. शाई पसरून निळी झालेली, पण 'कुंभार' वाचता येत होतं.

नाव मात्र 'बाळू'. सातबाऱ्यावर 'बाळकृष्ण'. विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात फाइल दिली, पाच आठवड्यांनी त्रुटी निघाली: दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. जोडलं. वैधता ऑगस्टअखेर हातात आली. घरात अकरावीला कोण असेल तर त्याची फाइल आताच टाका.

मेडिकल कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात. डोळे, कान, सपाट पाय, गुडघ्याला गुडघा लागतो का, पायाच्या शिरा फुगल्यात का, आणि रंगीत ठिपक्यांच्या पाट्यांतले आकडे ओळखणं. माझ्या पुढचा, मैदानात माझ्यापेक्षा सहा गुण जास्त घेतलेला पोरगा, तिथं थांबला. त्याला त्या ठिपक्यांत आकडाच दिसेना. पंचवीस वर्षांत त्याला स्वतःलाही कळलेलं नव्हतं. शे-दोनशे रुपयांत डोळ्यांच्या डॉक्टरकडं ही तपासणी होते. अकॅडमीची पहिली फी भरायच्या आधी ती करून घ्या.

ऑक्टोबर 2023 ला ट्रेनिंग सुरू झालं. राज्यात खंडाळा, नानवीज, जालना, अकोला, नागपूर, सोलापूर, तुरची अशी पोलीस प्रशिक्षण केंद्रं आहेत. कुठं जायचं ते आपल्या हातात नसतं. मला मराठवाडा मिळाला. ट्रंक, बूट, पीटीचे पांढरे कपडे, मच्छरदाणी, बादली, कुलूप, इस्त्री धरून घरातून निघेपर्यंत साडेनऊ हजार गेले. पगार एस-7 या वेतनस्तरात, मूळ 21,700, पण पहिला हातात पडायला वेळ लागतो आणि मेसचे पैसे कापून येतो. दोन महिने निघतील एवढे पैसे घेऊन जा.

नऊ महिन्यांचं सगळं सांगत नाही. साडेचारला शिट्टी, फॉलिन म्हणजे रांगेत हजेरी, पीटी, परेड, मग वर्ग, दुपारी परत ग्राउंड, रात्री रोलकॉल. ग्राउंडला बाह्यवर्ग म्हणतात, अभ्यासाला आंतरवर्ग. पहिले पंधरा दिवस बूट चावतात. दोन मोजे घाला आणि मापाला अर्धा नंबर मोठा बूट घ्या. रगडा, म्हणजे शिक्षेचा व्यायाम, सगळ्यांनाच मिळतो, तो मनाला लावून घ्यायचा नसतो. सुरुवातीला रडू आलं, ते बादलीचा नळ सोडून आवरलं. पाणी तिथं अर्धा तासच यायचं, तेव्हा रडणंही वेळेत. पंचगंगेकाठच्या माणसाला एका बादलीत अंघोळ आणि कपडे बसवायला महिना लागला.

एक दिवस मात्र सांगायलाच पाहिजे. फायरिंगचा. एसएलआर रायफल, जमिनीवर झोपून, बट खांद्यात घट्ट. सैल धरली तर खांदा सुजतो, माझा सुजला. पण खरी परीक्षा नंतर होती. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढ्या रिकाम्या पुंगळ्या परत मोजून द्यायच्या, त्याशिवाय रेंज सोडायची नाही. त्या दिवशी एक कमी भरली. आम्ही सत्तर जण गवतात ओळीनं गुडघ्यावर बसून हातानं चाचपत पुढं सरकलो. ऊन उतरलं. कुणी बोलेना. सहाच्या सुमाराला एकाच्या पीटी शूजच्या जिभेत ती सापडली, तापलेली उडून आत गेलेली आणि घाईत त्याला भाजल्याचंही कळलं नव्हतं. शिकवणारे उस्ताद ओरडतील असं वाटलं. ते पुंगळी हातात घेऊन म्हणाले, "ही बाहेर गेली असती तर कुणाकुणाची चौकशी लागली असती, मोजा." आम्ही मोजली. माझ्यापर्यंत अकरा नावं झाली.

आंतरवर्गात आयपीसी, म्हणजे भारतीय दंड संहिता, सुरू झाली तेव्हा मी आधी 188 चं पान काढलं. एक महिना कैद किंवा 200 रुपये दंड; आदेश मोडल्यानं कुणाच्या जिवाला धोका झाला तर सहा महिने किंवा 1000. एवढ्यासाठी मी किती रात्री जागलो! पुढं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 195 शिकवलं: 188 ची दखल कोर्टाला संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरच घेता येते. वहीत त्या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली. सरांनी विचारलं, हे कलम इतकं का आवडलं? म्हटलं, जुनी ओळख आहे.

आणि मग डिसेंबर 2023 ला तीन नवे कायदे मंजूर झाले. फेब्रुवारीत तारीख कळली, 1 जुलै 2024. आमची परीक्षा तोंडावर आणि 1860 पासूनची आयपीसी जाणार. खुनाच्या 302 चं 103, फसवणुकीच्या 420 चं 318, चोरीच्या 379 चं 303. 511 कलमांच्या जागी नव्या भारतीय न्याय संहितेची 358. प्रक्रिया संहितेतलं 154, ज्याखाली एफआयआर लिहायचा, ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 173. शेवटच्या महिन्यांत नव्या कायद्यांचे तास लागले, तेव्हा बॅरेकमध्ये रात्री अंताक्षरीसारखा खेळ चालायचा: एकानं जुना आकडा म्हणायचा, दुसऱ्यानं नवा. याचा एक फायदा झाला. जुने हवालदार पंचवीस वर्षांचं पाठ झालेलं विसरायला बसले, आमच्या डोक्यात तर ते अजून ओलंच होतं. पाठांतर आकड्यांचं करू नका, गुन्ह्याच्या घटकांचं करा. चोरी म्हणजे काय हे 1 जुलैला बदललं नाही.

जूनअखेर दीक्षांत संचलन झालं. आबा गुडघ्याला पट्टा बांधून आले होते. माझ्या बुटाकडं बघून म्हणाले, "आता आलं पॉलिश."

जुलैत कोल्हापूरला मुख्यालयात हजर झालो आणि त्याच महिन्यात पूर. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, आणि मला शिवाजी पुलाकडं बंदोबस्त लागला. पूर बघायला येणाऱ्यांना कोल्हापुरात तोटा नाही. रेनकोटात बारा तास उभं राहून, शिट्टी फुंकून तोंड दुखायला लागलेलं. चारच्या सुमाराला दोन पोरं मोटारसायकलवर बॅरिकेडच्या फटीतून शिरली. मागच्यानं मोबाईल वर धरलेला. मी आडवा झालो.

"कुठं निघालास?"

"औषध आणायला."

"पुढं पाणी आहे. कुठलं औषध दुकान पाण्यात उघडलंय?"

पोरगं गप्प. मग हळूच म्हणालं, "दादा, गाडी घेऊ नका, घरात माहीत नाही."

"गाडी फिरव. पुन्हा आत दिसलास तर 223 लागतंय."

"ते काय असतंय?"

"पूर्वीचं 188," म्हटलं, आणि बॅरिकेड ओढून फट बंद केली.